मी निघालोय, तासाभरात पोचतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी जनावरांचा डॉक्टर. राजुरीला राहतो, आसपासच्या गावांतले गोठे बघतो. दोन हजार सालानंतर गोठ्यागोठ्यात मोबाइल आले आणि माझं जेवणसुद्धा धड होईना. तेव्हा आळेफाट्याच्या मोबाइलवाल्याने माझ्या नव्या फोनमध्ये एक सोय करून दिली. मी फोन उचलला नाही की समोरच्याला आपोआप मेसेज जायचा. काय लिहायचं ते मीच सांगायचं होतं. तो म्हणाला, टाकू का — डॉक्टर कामात आहेत, नंतर फोन करा? साधं वाक्य होतं. खरंही होतं.

मी ते टाकू दिलं नाही.

त्याच वर्षी पिंपळवंडीला एक तरुण डॉक्टर आला होता. हाताला चांगला, बोलायला गोड. डॉक्टर कामात आहेत असं वाचलं की लोक त्याला बोलावणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी सांगितलं, लिही — ‘मी निघालोय, तासाभरात पोचतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.’ मोबाइलवाला हसला. मीही हसलो.

बरेच दिवस काही बिघडलं नाही. उशीर झाला तरी लोक थांबायचे. डॉक्टर म्हटला की उशीर व्हायचाच, असं धरून चालायचे.

पिंपरी पेंढारच्या माळावर हौसाबाईंची वस्ती. जन्मभर मेंढरांमागे फिरलेली बाई. म्हातारपणी मेंढरं देऊन टाकली आणि सुनेला घेऊन एका जागी राहिली. दावणीला एकच गाय — चांदी. वासरू असताना तिची आई गेली, तेव्हा हौसाबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. चांदीचं ते पहिलंच वेत होतं. आठवडाभर आधी मी तपासून आलो होतो. मीच म्हणालो होतो, मावशी, कळा सुरू झाल्या की लगेच फोन करा.

त्यांनी केला. सकाळी अकराला.

मी कुठं होतो? मंचरला, साडूच्या घरभरणीला. फोन आवाज बंद करून पिशवीत ठेवलेला, पिशवी खुंटीला. मी जेवलो. पत्ते खेळलो. मग पंख्याखाली आडवा झालो — चांगला दोन तास झोपलो. उठून चहा घेताना फोन बघितला. हौसाबाईंच्या घरून अकरा फोन येऊन गेले होते. अकरा मेसेज माझ्या नावानं गेले होते. आणि मंचरहून तिथं पोचायलाच तासाच्या वर लागतो.

मी मोटारसायकल कशी हाणली ते सांगून काय उपयोग? पोचलो तेव्हा चांदी आडवी पडली होती. वासराची मान पोटातच मागं वळलेली. वेळेत कुणी हात घातला असता तर पंधरा मिनिटांचं काम — माझ्या हाताचं, त्या पिंपळवंडीवाल्याच्याही हाताचं. वासरू मेलं होतं. मी ओढून काढलं. सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. दिवस मावळायच्या आत गायही गेली.

हौसाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच सांगू लागल्या. त्या म्हणाल्या, ‘त्यो पिंपळवंडीचा डाक्टर दुपारी रस्त्यानं चालला व्हता. आपनहून थांबला. बघू का म्हनला. म्या म्हनलं, न्हाई बाबा, आमचं डाक्टर निघाल्यात. त्यांचा निरोप हाये, कुनाला हात लावू द्यायचा न्हाई.’

तो दारात उभा होता. आणि तिनं त्याला परत पाठवला — माझ्या शब्दावर.

अजूनही खरं बोलता आलं असतं. मी काय बोललो? म्हणालो, मावशी, ओतूरला एक म्हैस अडली होती, तिला सोडून येता आलं नाही. त्यांनी मान हलवली. उलट माझीच समजूत घातली. म्हणाल्या, ‘तुमी तरी काय करनार? तिकडंबी जीवच व्हता.’

सून, सुनंदा, बाजूला फोन घेऊन उभी होती. सासूला वाचता येत नव्हतं, सगळे मेसेज तिनंच वाचून दाखवले होते. ती एकेक उघडून बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘डॉक्टर, समदे एकसारखेच हायेत. अक्षरन्‌अक्षर.’

मी बॅग आवरत राहिलो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि फोन बंद केला. सासूला तिनं तेव्हा काही सांगितलं नाही. पुढंही नसावं.

कारण हौसाबाई नंतर कैक वर्षं, डेअरीवर, बाजारात, माझ्यादेखत लोकांना सांगायच्या — आमच्या डाक्टरांनी कामात असूनबी अकरा येळा निरोप धाडला, असा मानूस मिळायचा न्हाई. मी तिथं उभा असायचो. खाली बघायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

आणि ते वाक्य मी त्या दिवशी काढलंही नाही. का नाही? काढायचं तर परत त्या दुकानात जाऊन कारण सांगावं लागलं असतं. तो फोन पडून फुटेपर्यंत, आणखी चार-पाच महिने, ते तसंच जात राहिलं. त्या महिन्यांत त्यावर विसंबून आणखी कोण कुठं थांबलं असेल, मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही.

हौसाबाई आता नाहीत. सुनंदाच्या गोठ्यात चार गाई आहेत. त्या बघायला पिंपळवंडीचा डॉक्टर येतो. रस्त्यात ती दिसली की मी गाडी हळू करतो. ती पदर सारखा करते, बाजूला होते, आणि मला जायला वाट देते.