एकदाच म्हटलेलं पद

माघातलं लखनऊचं ऊन सकाळभर धुक्यात भिजत पडलेलं असतं आणि दुपारी कधीतरी, पातळ ताकासारखं, गच्चीवर सांडतं. त्या उन्हात मी आमच्या नाट्यमंडळाचा मखमली पडदा वाळत घातला होता. वर्षानुवर्षं पेटीत राहिलेल्या त्या पडद्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, दमट भिंतींचा होता, आणि त्याखाली कुठेतरी एका जुन्या अत्तराचाही होता. वास म्हणजे हवेत तरंगणारे रेणू, एवढंच मला माझ्या रसायनशास्त्राने शिकवलं आहे. पण ते रेणू चाळीस-एक वर्षं मखमलीत दम धरून बसले होते आणि आता ऊन लागताच एकेक करून निघून चालले होते, हे पाहताना मी हातातली काठी पडद्यावर आपटायची क्षणभर थांबले. मग आपटली. धूळ होतीच.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते आणि उरलेल्या वेळात या मंडळाची कार्यवाह आहे. कार्यवाह म्हणजे खुर्च्या, चहा, सभागृहाची किल्ली आणि रुसवे. मंडळाने या वर्षी ‘संगीत दीपशाला’ पुन्हा रंगमंचावर आणायचं ठरवलं होतं. हे नाटक मंडळाच्याच एका दिवंगत सभासदाने लिहिलं आणि त्यांच्या पत्नीने, लीलाकाकूंनी, ऐन तारुण्यात गाजवलं होतं. नदीकाठी दिवा लावणारी एक तरुणी, त्या दिव्याच्या आधाराने घाटाला लागणाऱ्या नावा, आणि शेवटच्या नावेने निघून जाणारा तिचा प्रियकर, एवढीच गोष्ट. सगळं नाटक ‘नाव गेली पैलतीरी, दिवा कुणाला दाखवू’ या एका पदापाशी येऊन थांबतं. लीलाकाकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. पण त्या पदाचा विषय निघाला की त्यांची मान आपोआप ताठ होते.

दिग्दर्शक साठेसर. विद्यापीठात गणित शिकवून निवृत्त झालेले, मूळ प्रयोगात नावाडी झालेले. पाडव्याच्या प्रयोगाआधी आमंत्रितांसाठी तीन रंगीत तालमी करायच्या, ही कल्पना त्यांची. “प्रेक्षक कुठे हलतो, कुठे खोकतो, ते आपल्याला कळलं पाहिजे,” ते म्हणाले आणि हे काम माझ्याकडे आलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं, रंगमंचाकडे पाहायचं नाही, माणसांकडे पाहायचं. त्यामुळे हे नाटक मी तीनदा ऐकलं, पाहिलं मात्र नाही. मी पाहिली ती अर्धवट उजेडातली माणसं: पुढे झुकलेल्या माना, मफलर, बायकांच्या शालींतून वर निघणारे अंबाडे, आणि रंगमंचावरचा प्रकाश बदलला की सगळ्या डोक्यांवरून एकदम सरकणारी, दुधावरच्या सायीसारखी, एक पिवळी लहर.

नायिकेच्या भूमिकेत होती वंदना गजभिये. मूळची नागपूरची, इथे सरकारी दूरध्वनी कार्यालयात अधिकारी. तिला मी पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिलमध्ये, त्यांच्या वसाहतीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात. माइक बंद पडला होता आणि ती तशीच गात राहिली होती. उघड्या मैदानात, कडुलिंबाच्या मोहोराच्या वासातून, तिचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत सरळ चालत गेला. तिचे वडील नागपुरात गायनपार्टीत गायचे. मागच्या माणसाला ऐकू गेलं नाही तर गाणं झालंच नाही, असा त्यांचा दंडक. मी दुसऱ्याच आठवड्यात तिला मंडळात घेऊन आले. आमच्या मंडळात ती वस्ती याआधी कधी आली नव्हती, आणि आम्हीही कधी बोलावलं नव्हतं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच असावं, कारण ठरवून केलेल्या गोष्टी आमच्याकडे इतकी वर्षं टिकत नाहीत.

पहिली रंगीत तालीम छावणीतल्या एका सभागृहात झाली. बाहेर स्वच्छ, मुके रस्ते, चुन्याने रंगवलेले झाडांचे बुंधे. आत मराठी जवानांची कुटुंबं, पोरंबाळं, शेंगदाण्यांची टरफलं. नावाड्याच्या दाढीला मुलं हसली, सूत्रधाराच्या संस्कृत श्लोकाला एक आजोबा उगाचच उठून उभे राहिले. मग ते पद आलं. वंदनाने पहिली ओळ मैदानात टाकावी तशी टाकली आणि मागच्या तीन रांगांतून शिट्टी आली. एक, मग अनेक. मग टाळ्यांचा ठेका. माणसं रडत होती आणि ठेका धरत होती. एका हवालदाराने बायकोच्या पदराने डोळे पुसले आणि लगेच पुन्हा टाळीला हात उचलला. मी हे सगळं पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, हे चालणार.

साठेसरांनी मात्र कपाळाला हात लावला. “शिट्ट्या, हो! शिट्ट्या! लीलाबाईंच्या पदाला!” परतीच्या गाडीत त्यांनी हळू आवाजात, अगदी सभ्यपणे, जे सांगितलं ते असं: वंदनाचा अभिनय उत्तम, प्रश्नच नाही, पण आवाज जरा उघडा आहे. नाट्यपदाला एक संस्कार लागतो. तेव्हा वंदनाबाई रंगमंचावर उभ्या राहतील आणि पदं सुमेधा विंगेतून गाईल. सुमेधा ही सरांची विद्यार्थिनी, शास्त्रीय गाणं शिकलेली गुणी मुलगी, जिला यातलं काहीही नको होतं. पुढच्या बाकावर बसलेल्या वंदनाची मान हलली नाही. ‘संस्कार’ हा शब्द गाडीत बराच वेळ, थंडीत तोंडातून निघालेल्या वाफेसारखा, कुठेच न जाता राहिला.

दुसरी तालीम बख्शी का तालाबला, विमानदलाच्या वसाहतीत. आम्ही निघालो तेव्हा सरसोंची, म्हणजे मोहरीची, शेतं दोन्ही बाजूंनी इतकी पिवळी होती की गाडीतल्या सगळ्यांचे चेहरे हळद लागल्यासारखे दिसत होते. प्रेक्षक नीटनेटके, मराठीपेक्षा इतरच जास्त. पद सुरू झालं. सुमेधा सुंदर गायली, एकही स्वर जागचा हलला नाही. रंगमंचावर वंदना दिवा हातात धरून ओठ हलवत होती. मी माणसांकडे पाहत होते आणि माणसं हलली. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी शाल सारखी केली, दोन बाप्ये चहाला बाहेर गेले. आणि पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईच्या मांडीवरून उतरली, सरळ रंगमंचाच्या कडेला गेली, वाकून विंगेत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मम्मी, गाना तो इधर वाली आंटी गा रही हैं!”

सभागृह हसलं, प्रेमानेच. शेवटी टाळ्याही झाल्या, पाहुण्यांना वाढल्यासारख्या. साठेसर खूश होते. “आता कसं! शिस्तीत झालं.”

परतताना वंदना माझ्या शेजारी बसली. अंधारायला लागलं होतं, शेतांवर धुकं पुन्हा उतरत होतं, आणि खिडकीच्या काचेवर तिच्या गालाचा पुसट रंग लागला होता.

“ताई, एक सांगू?”

“सांग.”

“तिकडून ती गाऊन राहिली, इकडं मी तोंड हलवून राहिली. मी काय बाहुली आहे का वो?” मग, अगदी कार्यालयीन सुरात: “पुढची तालीम मी गाईन. नाहीतर येत नाही. मग उभी राहायला पण दुसरी शोधा.”

मी दुसऱ्या दिवशी हे बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. बैठकीत परंपरा निघाली, लीलाकाकूंचा मान निघाला, साठेसरांचा रक्तदाब निघाला. मी एवढंच विचारलं की दुसरी कोण आहे. दुसरी कोणीच नव्हती. संवाद पाठ असलेली, साडी नेसता येणारी आणि रविवारी मोकळी असलेली बाई या शहरात ती एकच होती. तत्त्वाचा विजय वगैरे काही झाला नाही. अडलं म्हणून झालं. पण साठेसरांनी अट घातली: या तिसऱ्या तालमीला लीलाकाकू येतील, आणि त्यांच्यासमोर जर शिट्ट्या वाजल्या तर पाडव्याला सुमेधा विंगेत. वंदना म्हणाली, “अच्छा.”

तिसरी तालीम हजरतगंजच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या सभागृहात, चार वाजता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराकडून आणल्या आणि रीत म्हणून त्यांनाही बोलावलं. तेही आले, कानटोपी घातलेले, मराठीचा एक शब्द न कळणारे, हात मांडीवर ठेवून शाळेत बसावं तसे बसले. उंच खिडक्यांतून तिरकं ऊन येत होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती की ती खाली येते आहे की वर जाते आहे, हे सांगता येत नव्हतं. पुढच्या रांगेत लीलाकाकू, कानाला यंत्र, अंगावर करवतकाठी साडी. माझ्या जागेवरून मला त्यांची फक्त मान दिसत होती.

पद आलं. वंदनाने तोच उघडा आवाज लावला, पण यावेळी तो फेकला नाही. हातात घेऊन चालत आली. मैदानातला आवाज भिंतींच्या आत आला की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कुणीही हललं नाही. शाली नाहीत, खोकला नाही, मोबाइलचा निळा चौकोन नाही. चहावाला दारात किटली घेऊन उभा राहिला आणि आत यायचं विसरला. डोक्यांवरचं ऊन एका खिडकीच्या रुंदीइतकं सरकलं आणि तेवढ्यात पद संपलं. टाळ्या आल्या नाहीत. मला वाटलं, गेलं. मग त्या शांततेत चष्मेवाल्यांनी, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने, एकच शब्द उच्चारला: “मुकर्रर.”

मुशायऱ्यात शेर पुन्हा ऐकायचा असला की इथली माणसं हे म्हणतात. आपल्या वन्स मोअरचाच भाऊ. फक्त ओरडत नाही, विनंती करतो. आणि तो दिसताच आपला भाऊही जागा झाला. “वन्स मोअर!” मागून कुणीतरी, मग चारी बाजूंनी. साठेसरांनी रंगीत तालमीत वन्स मोअर घ्यायचा नाही असं स्वतः बजावलं होतं. तेच आता विंगेतून अर्धे बाहेर आले आणि दोन्ही हातांनी ऑर्गनवाल्याला खुणावू लागले. ऑर्गनने स्वर दिला. सगळं सभागृह त्या स्वरावर, पाऊल उचलून, थांबलं.

मी पहिल्यांदाच नेम मोडला आणि रंगमंचाकडे पाहिलं. वंदनाने ऑर्गनकडे पाहिलं नाही, सरांकडे नाही, काकूंकडेही नाही. तिने हातातला दिवा तोंडाजवळ नेला, फुंकर घातली आणि पुढचं वाक्य बोलली. ऑर्गनचा स्वर एकटाच जरा वेळ उभा राहिला आणि ओशाळून बसला.

नाटक संपल्यावर सर धावतच आत आले. “अहो वंदनाताई, वन्स मोअर आला होता! सोडतं का कुणी?”

वंदना पिना काढत होती. “नाव गेली ना सर. पाण्यातून परत बोलवू का तिला?”

“आमच्या वेळी तीन-तीनदा परत यायची गं,” लीलाकाकू दारातून म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं होतं. “हा नावाडी कंटाळून जायचा.” आणि काठीने साठेसरांच्या पोटाकडे निर्देश केला. सगळे हसले, सरसुद्धा, थोडे उशिरा. मग काकू खुर्चीवर बसल्या, वंदनाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “मी असं म्हटलं नव्हतं हे पद.”

“हो काकू,” वंदना म्हणाली. “माहीत आहे मला.”

काकूंच्या त्या वाक्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मी आजही वेगळं काढू शकलेले नाही. दाराशी सुमेधा हातरुमालाची घडी करत उभी होती. “काकू, मग पाडव्याला मी विंगेत...?”

“पहिल्या रांगेत बस,” मी म्हटलं. सरांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

माणसं गेल्यावर खुर्च्या पोचवायला मी चष्म्याच्या दुकानात गेले. हजरतगंजमधले दिवे नुकतेच लागत होते. काचेच्या कपाटांत नुसत्या चौकटी ओळीने बसल्या होत्या. मालकांनी खुर्च्या मोजल्या नाहीत. त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

“मॅडम, नाव तो समझ में आया. उसमें गया कौन था?”

“एक आदमी,” मी म्हटलं.

“एक ही?” ते माझ्याकडे, मग रस्त्याकडे पाहत राहिले. बाहेर रिक्षा, गाड्या, माणसं धुक्यात शिरत होती आणि दिसेनाशी होत होती. “हमें तो लगा बहुत लोग थे.”

मी गोष्ट नीट समजावून सांगणार होते. ती सोपीच होती. पण त्या पदात कोण कोण बसून गेलं असेल ते आता माझ्या हातात नव्हतं, आणि बहुधा वंदनाच्याही नसावं. मी ‘अच्छा’ म्हटलं आणि तशीच, हातात सभागृहाची किल्ली घेऊन, त्यांच्याबरोबर थोडा वेळ रस्त्याकडे पाहत उभी राहिले.