सवतीच्या खडकाची दुसरी खूण

सायमनदादा गेल्याचं मला डोंगरीच्या बसमध्ये कळलं. "तुमचे दोस्त वारले ना परवा," कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला. माझ्या मांडीवर नकाशाची गुंडाळी होती. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मला त्यांचा रागच आला... काम अर्धवट टाकून गेले म्हणून.

मी सरकारी कचेरीतला ड्राफ्ट्समन, सत्त्याऐंशीत गिरगावातून भाईंदरला राहायला आलेला. उत्तन-डोंगरीकडे बिल्डरांच्या गाड्या फिरू लागल्या, तेव्हा दादांच्या चर्चच्या फादरनी गावच्या शेतांची, बांधांची, समुद्रातल्या खडकांची नावं नोंदवून ठेवायचं मनावर घेतलं. दादा गावचे जुने मच्छीमार, नावं त्यांना पाठ; नकाशा मी काढायचा. चार रविवारांचं काम वाटलं होतं, लागली सहा वर्षं! कारण दादांचा हट्ट. नाव सांगायचं ते त्या जागेवर उभं राहूनच. घरी चहा घेताना विचारलं की म्हणायचे, "खाटेवर बसून सांगलं तं चुकंल, सायेब. उठा, चला." एका बांधासाठी भर मे महिन्यात त्यांनी मला दोनदा चालवलं. मी वैतागून म्हणालो, "अहो, दहा पावलं इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं?" ते शांतपणे म्हणाले, "दर्यात जालं फाटतं."

जमिनीवरची नावं अशी रडतखडत पुरी झाली. राहिला दर्या, आणि त्यात मुख्य म्हणजे सवतीचा खडक. पाण्याखालचा, भरपूर मासळीचा, जाळी फाडणारा. तो दाखवायला दादा दर रविवारी बोलवायचे. मला होडी लागते, म्हणून मी दर वेळी पुढचा रविवार सांगायचो. दोन वर्षं सांगत राहिलो. लोकांना माझ्या कामसूपणाचं कौतुक आहे, त्यांनी हेही वाचावं.

दादा गेल्यावर महिन्याने त्यांचा धाकटा भाऊ रेमू मला होडीतून घेऊन गेला. दोनदा ओकलो, पण गेलो. रेमू किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. टेकडीवरचे दोन ताड एकामागे एक आले तसा ओरडला, "आली! माझी खूण आली."

"आणि दादांची?"

"ती मला न्हाय ठावं. बापानं वाटून दिलती. एकाची खूण दुसऱ्यानं बघायची न्हाय, न्हायतं होडीत भांडणं व्हतात. दोघं 'आली' बोललो की खाली खडक."

"अरे, पण तीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस?"

"कशाला? तो व्हता की."

मी तरी कुठे विचारलं होतं! दोन रेषा जिथे छेदतात तिथे बिंदू, हे मी कचेरीत नव्या पोरांना शिकवत आलोय. दुपारपर्यंत आम्ही ताडांच्या रेषेत पुढेमागे दोरीला शिसं बांधून टाकत राहिलो. खडक लागला नाही. दर खेपेला रेमू सवयीने "आली" म्हणायचा, आणि होडीच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर यायची वाट बघत थांबायचा.