शेवटच्या कडव्यातलं नाव

सोमाजी दुर्गे आमच्या गावच्या आरामशीनवर लाकडं ओढे अन् घरी येऊन भीमगीतं लिही. लिहीत झकास होता, पण मी त्याच्या तोंडावर तसं कधी म्हटलं नाई. आमच्यात रीतच हाय, गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येते. सोमाजीले बस एवढंच पायजे होतं, की आपलं नाव एखाद्या मोठ्या गायकानं माइकवर घ्यावं.

म्हणून त्यानं नागपूरचे कव्वाल लहानूभाऊ धरले. मी जयंती मंडळाचा सचिव, दर चौदा एप्रिलले त्याईले मीच बोलवत होतो. ते गाडीतून उतरले का सोमाजी त्याईची पेटी उचलाले हजर. तीन सालं त्यानं त्याईले मध देल्ला, मोहाची देल्ली, गावरान कोंबडे चारले. त्याची बायको मनकर्णा चिडे, "घरी लेकरं आंबील पिऊन राह्यले, अन् कोंबडा त्या बुवाले!"

"वळख वाढवा लागते. तुले काय समजते?" सोमाजी म्हणे.

सत्त्याऐंशी साली लहानूभाऊ म्हणाले, "सोमाजी, माही क्यासेट निघून राह्यली. तुहं गाणं घेतो. पण नव्या माणसाचं नाव कंपनीले चालत नाई. तेवढं खोडून दे, पुढच्या क्यासेटीत टाकू." अन् या गाढवानं माह्यासमोर, माहाच पेन मागून, आपलं नाव आपल्या हातानं खोडलं!

क्यासेट आली. पानठेल्यावर सारा मोहल्ला जमला. शेवटच्या कडव्यात आलं, "म्हणे लहानू." सोमाजी हासला. पण घरी जाऊन त्यानं तेच गाणं आपल्या नावासकट वहीत पुन्हा उतरवलं.

पुढच्या जयंतीले लहानूभाऊच्या आंधी तो स्वतःच स्टेजवर चढला अन् तेच गाणं म्हणाले लागला. "म्हणे सोमाजी" आलं अन् पोट्टे उसळले.

"ए चोट्ट्या! लहानूभाऊचं गाणं चोरतं काऊन बे?"

कोणी माइक हिसकला, कोणी गचांडी धरली. सोमाजीनं माह्याकडं पाह्यलं. "भाऊ, तुमी सांगा ना याईले. तुमच्याच पेननं खोडलं ना मी?"

लहानूभाऊ बाजूच्या खुर्चीवर पान चावत बसले होते. त्याईले राग आला असता तं ते पुढच्या साली आमच्या गावी आले नसते. मी म्हटलं, "उतर खाली सोमाजी. उगाच तमाशा नको करू."

तो उतरला. लहानूभाऊनं माइक घेतला, "माफ करा त्याले. गरीब हाय, गाण्याचा शौक हाय बिचाऱ्याले." लोकायनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.