तीन पायांचा पाटा

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि मी कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकलेची हंगामी शिक्षिका होते. कायम झाले तर वडील दोन वर्षं माझ्या लग्नाचा विषय काढणार नव्हते. नाही झाले तर नाशिकचं एक स्थळ मला बघायला येणार होतं. मला नाशिकचं स्थळ नको होतं, शाळा हवी होती.

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी एक दिवस मला सभागृहाची नव्याने गिलावा केलेली भिंत दाखवली. शाळा तपासनीस यायच्या आत तिच्यावर ‘आपली माणसं’ काढायची, भिंत साधली तर त्या माझी शिफारस करणार. मी उत्साहाने हो म्हटलं आणि घरी येऊन डोकं धरून बसले. चित्रकलेच्या परीक्षांसाठी मी पितळी तांब्या काढला होता, वांगी काढली होती, फडक्याच्या घड्या तर इतक्या की डोळे मिटून काढाव्यात. माणूस एकही काढला नव्हता.

तेवढ्यात बाजारातल्या तसबिरीवाल्याकडे मला ते चित्र दिसलं. देवादिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या मधे एका चौकटीत एक बाई वाटण वाटत होती. सावळी, ठुसकी, पाठीवर जाड वेणी. मागे चुलीवर भाकरी, बाजूला झेंडूचा ढीग. कॅलेंडरवरच्या बायकांसारखं गोंडस तिच्यात काही नव्हतं. तिचे हात तर मुद्दाम मोठे काढल्यासारखे होते, आणि तरी तिच्यावरून नजर हलेना. मी विचारलं, ही कुठली? तसबिरीवाला म्हणाला, खडवलीकडची ठाकरीण. दुकानात बसलेले एक गृहस्थ म्हणाले, छे, ही खाडीवरची कोळीण. त्यावर दोघांची चांगलीच जुंपली. आपल्याकडचीच आहे, याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं आणि माझंही. सलग दोन शनिवार मी दुकानात स्टूल टाकून ते चित्र उतरवून घेतलं.

मग भुकटीचे रंग सरसात कालवून पंधरा दिवस भिंतीशी झुंजले. मधेच कुणी टोकू नये म्हणून सभागृहाची किल्ली माझ्याजवळ ठेवली होती. तपासनीस यायला आठवडा राहिला तेव्हा काम संपलं आणि झाडायला म्हणून शिपाईमावशींना प्रथम आत घेतलं. मावशी खाडीकाठच्या आगरी गावातल्या. केरसुणी हातात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत होते.

“ही कुठची बाय?” त्यांनी विचारलं. “अशी ढोपरावं बसून कोन वाटतं? आमचा पाटा भुईवं बसतो. याला तं पाय हायेत.”

खरंच पाय होते. तीन. मी स्वतः रंगवले होते. आमच्या स्वयंपाकघरातला पाटा मी जन्मापासून बघत होते आणि तो जमिनीवर सपाट बसतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. मग ही आहे तरी कुठली?

तशीच बाजारात गेले. तसबिरीवाल्याने कुरकुरत चौकटीच्या मागचे खिळे काढले. चित्राखालचा इंग्रजी मजकूर मागे दुमडायची त्याची पद्धत होती, गिऱ्हाइकांना तो नको असतो म्हणे. दुमडलेल्या पट्टीवर लिहिलं होतं, मेक्सिको. तिथल्या क्रांतीनंतर चित्रकार शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर आपल्या शेतकरी, कष्टकरी बायामाणसांची चित्रं काढू लागले, असं काहीतरी तीन ओळींत होतं. मी त्या ओळी तिथेच उभ्याने चार वेळा वाचल्या. ते आपली माणसं काढत होते आणि मी त्यांचीच उचलून ‘आपली’ म्हणून शाळेत लावली होती. हसावं की रडावं कळेना.

गप्प बसायचा मोह झाला, तो लपवत नाही. पण सकाळी मोठ्या बाईंना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला, भिंत पाहिली आणि त्यांना ती आवडली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “कुणाला कळणार आहे?”

“मावशींना कळलं,” मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरच्या पाट्याचे पाय पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, हाताशी सहा दिवस आहेत, जमवा.

मी तिच्यावर चुन्याचे दोन हात मारले आणि दुपारी मावशींच्या अंगणात जाऊन बसले. खोटंखोटं वाटायला त्यांनी साफ नकार दिला. खोबरं, मिरच्या, लसूण सगळं घेतलं आणि मग पाट्याशी बसल्या. मी ठसकत, डोळे पुसत रेघा ओढत होते. जोर मनगटातून येत नाही, कमरेतून येतो, हे मला त्या दिवशी दिसलं. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघ्यात उभा, पदर कमरेला. मेक्सिकोच्या त्या चित्रकाराने हात मोठे का काढले असतील तेही कळलं, कारण मावशींचे हातही बघता बघता मोठेच दिसायला लागले. भिंतीवर मी ते तसेच काढले.

तपासनीस आले, भिंतीपुढे दोन मिनिटं उभे राहिले, “छान” म्हणाले आणि हजेरीपटाकडे वळले. महिन्याने मी कायम झाल्याचा कागद आला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. पेढ्यांचा पुडा घेऊन मी आधी मावशींकडे गेले. त्या सभागृहातच होत्या. स्वतःच्या चित्राबद्दल त्या आजवर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पेढा घेतला, कपाळाला लावला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “ती कुठं गेली?”

मी म्हटलं, ती परमुलखातली होती, चुकून आली होती, म्हणून पुसली. तुम्हीच नाही का दाखवून दिलंत?

“मी इचारलं व्हतं, बाई, कुठची म्हनून,” मावशी म्हणाल्या. “पुसा नव्हतं म्हनलं.”

 कायम झाल्याचा कागद माझ्या पिशवीत होता. तिचं गाव कुठलं ते मी मोठ्या बाईंना सांगितलं होतं, घरी सगळ्यांना सांगितलं होतं. मावशींना सांगायचं राहून गेलं होतं.