डाळीतले खडे आणि आत्याचं लक्ष

‘नीट बघत जा’ असं घरच्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही शेवटचं कधी सुनावलंत? मी आत्याला रोज सुनावत होतो. ती जळगावला डाळमिलमध्ये डाळ निवडायची. साठीनंतर तिच्या सुपात खडे राहू लागले.

मुकादम म्हणाला, "अक्का, खडे काय जावयासाठी ठेवलेत?" बाया हसल्या.

"माले बठ्ठं दिसस, भाऊ!" म्हणत, सगळं दिसतं हे दाखवायला आत्याने शेजारणीची सुई घेतली आणि एका झटक्यात दोरा ओवला.

"म्हणजे मुद्दाम करता! उद्यापासून येऊ नका."

मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, तोवर मी येरझाऱ्या घालत होतो. रक्तदाब फार वाढला होता. ते म्हणाले, "नजर चांगली आहे. पण हजार दाण्यांतून एक खडा हेरायला लक्ष लागतं. ते वयाने मंदावतं, रक्तदाबाने आणखी."

डॉक्टरांनी तसं लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन मी मिलमध्ये धावलो. मुकादमाने ती उघडलीसुद्धा नाही. आत्याच्या जागी दुसरी बाई बसली होती. मी खूप भांडलो. पण आधी तिला निष्काळजी ठरवणारा मीच होतो.

म्हणून सांगतो, घरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेतून काही सुटू लागलं, तर रागावण्याआधी त्यांचा रक्तदाब मोजून घ्या.