तेरड्यातला दुर्बीनवाला

शेत नव्या शहरात गेलं, तवा गौरीच्या सनाला मी डोंगरावरचा तेरडा मुळासकट उपटून सोसायट्यांत विकायची. तो विकला तरच घरात तांदूळ यायचा. एकदा बगते तर गळ्यात दुर्बीन घालून एक मानूस तेरड्यात बसलेला, डबक्यातल्या म्हशीसारखा. नाव मी इचारलं नाय.

"मावशी, उपटू नका हो! पुढच्या वर्षी फुलं कुठून येतील?"

मी पिकलेली शेंग त्याच्या मिशीसमोर दाबली. फट्‌! बिया तोंडभर उडाल्या.

"अशी येतात. उपटताना शेंगा फुटतात. आमी पेरूनच जातो."

मिशी झटकत तो हसला, दुर्बीन पाठीवर टाकली आनि माज्यासंगं उपटाय लागला.

"साहेब, हलक्या हातानं. गौर हाय ती."

भारा भरेस्तोवर तो गडी दर रोपाला आधी 'सॉरी' म्हनायचा, मग उपटायचा.