रोरीचं पान

"एका शब्दाने तरी विचारलंस का मला?" मोरागने अजून कोटही काढला नव्हता. "इतके आठवडे झाले, पानावर काही नाही. लोक विचारतायत, रोरीची आई बरी आहे ना? मी काय सांगू त्यांना?"

"बरी आहे म्हणून सांग," इशबेल म्हणाली.

"थट्टा करू नकोस, आई."

"थट्टा कुठे केली?"

इशबेल खरंच थट्टा करत नव्हती. ती पावाच्या कापांवर चीजचं सारण पसरत होती. रग्बी क्लबच्या मदतीसाठी विकायला रोल करून द्यायचे होते, आणि न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, रिव्हर्टनमध्ये, कुणाच्याही मदतीसाठी काहीही करायचं झालं की रोलच करतात. तिचा नवरा डूगल खिडकीशी बसून रेडिओवर समुद्राचा अंदाज ऐकत होता. बोट गेली तरी अंदाज ऐकायची त्याची सवय गेली नव्हती.

"बाबा, तू तरी बोल काहीतरी!"

"उद्या वायव्येचा वारा आहे," डूगल म्हणाला.

मोरागने कोट काढून खुर्चीवर फेकला. इन्व्हरकारगिलला ती एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची, आणि बोलताना समोरच्याने तोंड उघडंच ठेवलं पाहिजे अशी तिची अपेक्षा असायची. "पुढच्या महिन्यात रोरीला जाऊन दोन वर्षं होतील. मी म्हटलं होतं, धक्क्यावर उभं राहून तू दोन शब्द बोल, मी तिथूनच सगळ्यांना दाखवीन. एकतीस हजार माणसं आहेत त्या पानावर. आणि तू कुठे जाऊन बसलीस? त्या हेमीच्या पडवीत! किती जण आहात तिथे?"

"ब्याऐंशी."

"त्यातल्या निम्म्या बायका लोकरीच्या!"

"निम्म्याहून जास्त," इशबेल म्हणाली आणि पुढचा पाव घेतला.

इशबेलचं लग्न कोळ्याशी झालं तेव्हा ती मासळीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पुढे तीस वर्षं ती तिथेच राहिली. घरात दोन मुलं, परसात कोंबड्या, गुरुवारी लोकरीचं सूत कातायला जमणाऱ्या बायका. फोन तिला रोरीनेच घेऊन दिला होता. शेवंड पकडायच्या फेरीवरून रोरीची बोट परतली नाही, त्या रात्री मोरागने त्या फोनवर आईच्या नावाने मोठ्या साइटवर पान उघडलं. कुणी काही पाहिलंय का, कुणाकडे बोट आहे का, एवढंच विचारायला. माणसं धावून आली, हे खरं. मग रोरी सापडला, त्याला पुरलं, आणि पान राहिलं.

पानाला रोज काहीतरी लागायचं. नाही दिलं तर ते माणसांच्या नजरेआड जायचं, असं मोराग सांगायची. इशबेल देत गेली. एकदा तिने लिहिलं, की रोरीला मटणाचं सूप आवडायचं नाही, बार्ली काढून ताटलीच्या काठाला लावायचा. ते फारसं कुणी पाहिलं नाही. मग तिने कपडे धुण्याच्या खोलीच्या दाराशी ठेवलेल्या पांढऱ्या गमबुटांचा फोटो टाकला आणि 'अजून वाट पाहतायत' असं लिहिलं. ते शब्द मोरागचे होते. त्यावर अकरा हजार माणसांनी बदाम दिले. त्यानंतर काय चालतं आणि काय नाही हे इशबेलला कळायला लागलं. काय द्यायचं ते ती कपाटात हात घालून शोधायची. टोपी, मग, शाळेतलं बक्षीस.

तिला स्वतःला काही वाटत नव्हतं. सुरुवातीला वाटलं होतं, नंतर नाही. बटाटे सोलता सोलता ती फोन बघत बसायची. उलटलेल्या एका बोटीच्या व्हिडिओवर तिचं बोट एकदाच थांबलं होतं. तेव्हापासून फोन तिला बोटीच दाखवायला लागला, उलटलेल्या, फुटलेल्या, नॉर्वेच्या, चिलीच्या. ती बघायची. बटाटे पाण्यात पडून राहायचे.

हेमीच्या पडवीत ती गेली ती सुताच्या बायकांमुळे. गुरुवारच्या बैठकीचा निरोप मोठ्या साइटवर टाकला की तो निम्म्या जणींना शनिवारी दिसायचा. वैतागून त्या हेमीकडे गेल्या. हेमी पूर्वी टेलिफोनच्या तारा ओढायचा. निवृत्त झाल्यावर त्याने जवळच्या कोलॅक बे गावात आपल्या गराजमध्ये, खारवलेल्या तिती पक्ष्यांच्या फ्रीझरशेजारी, एक यंत्र बसवलं आणि त्यावर ओळखीच्यांपुरती एक छोटी साइट चालवली, तीच ही पडवी.

"इथे आधी लिहिलं ते आधी, नंतरचं नंतर," त्याने इशबेलला सांगितलं. "कुणाला काय दाखवायचं ते यंत्र ठरवत नाही. ठरवायला लागलं तर मी वायर उपटीन."

बदाम किती पडले तेही पडवीत दिसत नसे. रीत एकच होती. फोटो टाकला की खाली तो शब्दांत लिहायचा, कारण सुताच्या विनीची नजर गेली होती आणि फोन तिला सगळं वाचून दाखवायचा. इशबेलकडे नवीन काही नव्हतं. फोनमध्ये हाताशी होता म्हणून तिने बुटांचाच फोटो टाकला, आणि खाली काही लिहायचं विसरली. लगेच हेमीचा निरोप आला. 'इशबेल, विनी विचारतेय काय आहे. लिही सावकाश.'

इशबेल लिहायला बसली. पांढरे गमबूट, एक जोडी. मागे धुलाईयंत्र. उजवा बूट जरा कलंडलेला. डाव्याच्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.

ते ठिगळ डूगलने मागच्या हिवाळ्यात लावलं होतं. रोरी तेव्हा नव्हताच.

ती उठून दाराशी गेली. बूट तिथेच होते, ताज्या चिखलाने भरलेले. रोरीचे बूट रोरीच्या पायात गेले होते. किनाऱ्यावर सापडला तेव्हा एक तसाच पायात होता. ओळख पटवायला तीच गेली होती. तिला हे माहीत होतं. तरी फोटो काढताना तिने पाहिलं नव्हतं.

"हे तुझे आहेत," ती डूगलला म्हणाली.

"हो. खुराड्यातले."

"पानावर पाहिले होतेस?"

"पाहिले होते."

"मग बोलला का नाहीस?"

डूगलने थोडा विचार केला. "एवढी माणसं रडत होती. म्हटलं, मध्ये कशाला बोला."

इशबेलने परत बसून वर्णन पुरं केलं. 'डूगलचे बूट. कोंबड्यांकडे जाताना घालायचे.' थोड्या वेळाने विनीचं उत्तर आलं, 'ट्यूबचं ठिगळ टिकतं का गं? माझ्या नवऱ्याचं कधी टिकलं नाही.' इशबेलने डूगलला विचारून चिकटवायची पद्धत लिहिली. तिला बरं वाटलं असं नाही. वाईटही वाटलं नाही. पण त्यानंतर पानावर द्यायला म्हणून कपाटात हात घालायला गेली की तिचा हात तसाच परत यायचा.

हे सगळं तिने मोरागला आत्ता सांगितलं, रोल वळता वळता.

मोराग बसली. "म्हणजे ते बाबाचे?"

"खुराड्यातले," डूगल म्हणाला.

"बाबा, कळलं खुराड्यातले!" मोरागने कपाळ चोळलं. "पण काय फरक पडतो? कुणाला कळलं नाही. लोकांचं रडणं तर खरं होतं ना?"

"त्यांचं खरं होतं."

"मग?"

इशबेलने ट्रेमध्ये रोल ओळीने लावले. एक उकलला, तो परत वळला.

"पान तिकडे हलवता तरी येईल का?" मोरागचा आवाज खाली आला होता. "हेमीकडे?"

"विचारलं मी. ज्यांना यायचं ते आपणहून येतील. तिथलं लिहिलेलं काही येत नाही."

"म्हणजे सगळं जाणार. लोकांनी लिहिलेलं सगळं." मोराग टेबलावर सांडलेले पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. "मी ते रोज वाचते, आई. कामावर जेवायच्या सुट्टीत वाचते. कुणी ब्राझीलमधून लिहितं, कुणी कुठून. वाचलं की वाटतं तो आहे कुठेतरी. तुला काहीच नाही का वाटत?"

"नाही," इशबेल म्हणाली. "तुला सांगायचंच होतं. बरेच दिवस नाही वाटत."

मोरागच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटायला हवं होतं. हाताला चीज आणि कांदा लागला होता. रेडिओवरचा अंदाज संपून घोड्यांच्या शर्यती लागल्या आणि डूगलने आवाज बारीक केला.

"थोडे दिवस थांबूया," मोराग म्हणाली. "दोन वर्षं पुरी होईपर्यंत. तुला बोलायला नको, मी बोलते धक्क्यावर. तू नुसती उभी राहा."

"उभी राहिले की फोटो होईल."

"मग होऊ दे ना!"

इशबेलने ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं आणि हात फडक्याला पुसले.

"पान मी सोमवारी बंद करतेय," ती म्हणाली. "दोघांनाही सांगून ठेवते. मोराग, त्यातलं तुला जे हवंय ते उद्या उतरवून घे."